समुद्राचा सातबारा

कतारमधल्या झुबारा या ओस गावात, एका पडक्या वाड्यात मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती एका खोलीच्या जमिनीपाशी. भिंती कमरेच्या वर उरलेल्या नाहीत, छप्पर कधीच गेलंय, पण जमीन शाबूत आहे. ती सपाट नाही. चुन्याच्या गिलाव्यात एकाला लागून एक उंचवटे काढलेत, रानात सऱ्या पाडाव्यात तसे. सगळ्या सऱ्यांना एकाच बाजूला उतार. तिथं एक आडवा पाट, आणि पाटातून वाहत येईल ते जमिनीत पुरलेल्या रांजणात पडावं अशी सोय.

"ताई, हा मदबसा," धाकटा भाऊ म्हणाला. सतरा वर्षं तो दोह्यात आहे, इमारतींच्या कामावर इंजिनिअर. पाहुण्यांना हे सगळं दाखवून त्याला पाठ झालंय. या सऱ्यांवर खजुराची पोती एकावर एक रचायची. वरच्यांचा भार आणि आखातातला उकाडा, दोन्ही मिळून खालच्या पोत्यांतून पाक झिरपू लागतो. त्याला म्हणतात दिब्स. गुऱ्हाळावरच्या काकवीसारखाच रंग, तसाच दाटपणा. गावाभोवती खजुराची बनं उभी राहतील इतकं पाणी इथं नव्हतं. खजूर गलबतांतून यायचा आणि या खोल्यांत साठायचा.

"पण कुणाच्या घरात?" मी विचारलं.

तो हसला. "तू अजून इनामगावातच आहेस."

ते खरंच होतं. आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठाचं. नदीच्या कडेनं गेलं की इनामगाव. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं आम्हा पोरांच्या कानावर असत, कारण आसपासच्या गावांतली माणसं घमेली उचलायला तिथं रोजावर जात. चौथीत असताना आमची सहल गेली होती. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातलं, शेतकऱ्यांचं वसलेलं गाव. गहू, जव, डाळी पिकवणारं. नदीचं पाणी वळवून आणलेला पाट आणि पुराला अडवणारा दगडी बांध, दोन्ही तिथं सापडले. मध्यभागी पाच खोल्यांचं एक घर आणि शेजारी धान्याचं कोठार. बाकी घरं त्याहून लहान. कुंभार, सोनार, चुना भाजणारे गावाच्या पश्चिम कडेला. त्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या मोठ्या रांजणात एक माणूस पुरलेला होता, मांडी घालून बसवलेला. गावातल्या इतर मोठ्या माणसांना पुरताना त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. याचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत.

सहलीहून परतल्यावर त्या रात्री मी वडिलांना विचारलं, कोठारातलं धान्य सगळ्या गावाचं होतं की त्या एका घराचं? वडील चार एकरांचे शेतकरी. पाटाच्या पाळीसाठी रात्री-अपरात्री बांधावर बसलेले. ते म्हणाले, पाटाचं पाणी कुणी कुणाला सोडायचं हे ज्याच्या हातात होतं, कोठार त्याचंच असणार.

एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुणाचं उत्तर मला याहून बरं वाटलेलं नाही. कुठलंही जुनं गाव पाहायला गेले की मी आधी दोन गोष्टी शोधते, पाणी कुठं होतं आणि साठा कुठं होता. कतारमध्ये, जिथं शेतीचं गाव असं जवळजवळ नव्हतंच, तिथंही मी तेच शोधत होते.

कतारमध्ये वर्षाला शंभर मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आमचं दुष्काळी शिरूर त्या मानानं ओलं म्हणायचं. नदी एकही नाही. सपाट चुनखडीच्या पठारावर अधूनमधून बशीसारखे खोलगट भाग आहेत. पावसाचं पाणी तिथं वाहून येतं, बरोबर माती येते, दोन-चार आठवडे हिरवं उगवतं. त्या भागाला इथं 'रौदा' म्हणतात. नकाशावर कितीतरी गावांची नावं रौदत या शब्दानं सुरू होतात. आपल्याकडं नावात वाडी आणि मळा येतात, तसं. अश्मयुगातली जी वस्ती पश्चिम किनाऱ्यावर अल दआसा इथं सापडली, ती मासेमारी आणि शिकार करणाऱ्यांची. तिथं मेसोपोटेमियातली रंगवलेली भांडी मिळाली. इराकमधल्या नदीकाठी शेतीची गावं होती, आणि त्यांची भांडी इथल्या समुद्रकाठच्या माणसांच्या हाती लागत होती.

झुबारा दोह्याहून शंभरेक किलोमीटर, वायव्य किनाऱ्यावर. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना पिवळसर करडं रान. वाटेत १९३८ साली बांधलेला चौकोनी किल्ला लागतो, छायाचित्रांत दिसतो तो हाच. तो गावापेक्षा पुष्कळ अलीकडचा, पहाऱ्यासाठी बांधलेला. खरं गाव त्याच्या पलीकडं, समुद्राला लागून, वाळूखाली. अठराव्या शतकात कुवेतकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी ते वसवलं, मोत्यांवर वाढवलं, आणि १८११ साली ते जाळलं गेलं. पुन्हा वसलं ते पूर्वीहून लहान. म्हणून तिथं तटबंदीच्या दोन रेषा दिसतात, बाहेरची मोठ्या गावाची आणि आतली नंतरच्या लहान गावाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते ओस पडलं. २०१३ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. खोदून झालाय तो थोडासाच भाग, बाकी अजून वाळूखाली आहे.

त्या थोड्याशा भागातही गावाची उतरंड डोळ्यांना दिसते. एकीकडं नऊ चौकांचा वाडा, चारी कोपऱ्यांवर बुरूज. किनाऱ्याकडं मासेमाऱ्यांच्या झोपड्यांच्या खुणा. झोपडी खजुराच्या झावळ्यांची, त्यामुळं उरतो तो खांब रोवल्याचा खळगा आणि चुलीची राख. दगडाच्या घराचा पाया अडीचशे वर्षं टिकतो. झावळीच्या घराचं असणं राखेवरून ओळखावं लागतं. इनामगावातही शेवटी शेवटी, पाऊस हटला तेव्हा, चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या होत्या.

एवढ्या मोठ्या गावाला प्यायचं पाणी कुठून? गावात गोडं पाणी नव्हतं. दीडेक किलोमीटर आत, पूर्वेला, 'कलअत मुरैर' नावाची गढी आहे. विहिरी तिथं. त्या राखण्यासाठीच ती गढी बांधली. आम्ही गाडी थांबवून तिथं चालत गेलो. आज तिथं दगडांचे ढीग आणि भिंतींच्या रेषा. वारा इतका की पदर खोचून घ्यावा लागला. मी एका भिंतीवर बसले आणि मनात हिशोब मांडला. समुद्र पश्चिमेला, मोती पश्चिमेला, जहाजं पश्चिमेला. पण गढी उभी केली ती पूर्वेला, विहिरीवर. वडील असते तर काही न बोलता मान हलवली असती.

आता समुद्राचं. मला या साऱ्या प्रवासात सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते समुद्रानं.

आखातातले मोत्यांचे पट्टे कुणा एकाच्या मालकीचे नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जी. लॉरिमर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं आखाताचं भलंमोठं गॅझेटिअर तयार केलं. किनाऱ्यावरच्या सगळ्या अरबांना कुठल्याही पट्ट्यावर जाऊन बुडी मारायचा हक्क आहे, अशी रीत त्यात नोंदलेली आहे. म्हणजे समुद्राला सातबारा नव्हता, बांध नव्हता, बांधावरून भांडण नव्हतं. जमिनीच्या मालकीतूनच माणसांची उतरंड तयार होते, असं मी आयुष्यभर धरून चालले होते. तसं असतं तर इथं सगळे सारखे असायला हवे होते. ते नव्हते.

कारण होडी एकाची होती. होडीच्या म्होरक्याला नाखुदा म्हणत. नाखुद्याच्या मागं भांडवल पुरवणारा मोत्यांचा व्यापारी. मोसम उन्हाळ्यातला, चारेक महिन्यांचा. मोसमाआधी नाखुदा पाणबुड्याला पैसे आणि तांदूळ-खजूर देई, मागं राहणाऱ्या बायकापोरांसाठी. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून, गळ्यात जाळीची पिशवी अडकवून खाली जाई. वर दोर धरणारा त्याला ओढून घेई. दिवसभरात कितीतरी वेळा. मोसम संपला की हिशोब. पाणबुड्याला ३ हिस्से, दोर ओढणाऱ्याला २, अशी साधारण वाटणी. त्यातून आधी घेतलेलं वजा. वही नाखुद्याची, अक्षर नाखुद्याचं. बहुतेकांचं फिटत नसे. मग पुढच्या मोसमासाठी नवीन रक्कम. बाप मेला की देणं मुलावर.

भावाकडून हे ऐकताना मला एकच शब्द आठवत होता: उचल. आमच्याकडं दिवाळी झाली की बीड-पाथर्डीकडच्या टोळ्या ऊसतोडीला येतात. मुकादमानं आधीच उचल दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. सहा महिने पाचटात राबायचं, आणि पट्टा पडला की हिशोबात कळतं की अजून मुकादमाचेच फिरतात. ऊस ज्याच्या रानातला, त्याला या तोडणाऱ्यांचं नावही माहीत नसतं. नाखुदा म्हणजे मुकादम, हे भावाला सांगायची गरज पडली नाही. तो स्वतःच म्हणाला.

त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. पाणबुड्याला नाखुदा बदलायचा असेल तर पहिल्याकडून चिठ्ठी लागे, बरवा. अंगावर किती देणं आहे किंवा काही नाही, हे त्यात लिहिलेलं असे. चिठ्ठीशिवाय दुसरा कुणी होडीवर घेत नसे. हे सांगून तो थोडा वेळ गप्प राहिला. दोह्यात आल्यावर त्याला एक नोकरी बदलायची होती. जुन्या कंपनीच्या ना-हरकत पत्रासाठी त्यानं दोन वर्षं काढली, ते मिळालं नाही. २०२० मध्ये कतारनं कायदा बदलला आणि नोकरी बदलायला ते पत्र लागेनासं झालं. त्याचा जीव मोकळा झाला होता तो त्या वर्षी. आम्हाला गावी त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं.

दोह्यात मुशैरिब भागात जुन्या घरांची चार संग्रहालयं केलीत, त्यातलं बिन जल्मूद हाउस गुलामगिरीवर आहे. कतारमध्ये गुलामगिरी कायद्यानं बंद झाली ती १९५२ साली. पूर्व आफ्रिकेतून आणलेली माणसं इथं पाणबुडे म्हणून राबली, आणि त्यांच्या वाटणीचा हिस्सा मालकाच्या घरी गेला. स्वतःच्या देशातली ही गोष्ट एखाद्या देशानं राजधानीच्या मधोमध, सरकारी पैशानं, झाकून न ठेवता मांडावी याचं मला मनापासून कौतुक वाटलं. आपल्याकडं वेठबिगारीचं असं एक तरी संग्रहालय हवं. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवलं त्यांच्या राबण्याचं हवं.

झुबाराला जायच्या आदल्या दिवशी राष्ट्रीय संग्रहालयात आम्ही बडोद्याचा गालिचा पाहिला होता. तो इथं आहे हे मला ठाऊक नव्हतं. खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेला, मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर घालण्यासाठी म्हणून. तो मदिनेला गेला नाही, पुष्कळ वर्षं बडोद्याच्या घराण्याकडंच राहिला. काचेपलीकडं पाहिलं की आधी वाटतं कापडावर खडीचं काम असावं. जवळ गेल्यावर कळतं, सगळे मोती आहेत, साबुदाण्याहून बारीक. पंधरा लाखांच्या आसपास. ओळीत ओळ बसवलेली, मधे वेलबुट्टीला हिरे, माणकं, पाचू. हे मोती याच आखातातले. आपण ज्यांना बसरा मोती म्हणतो ते. बसऱ्यात मोती निघत नसत, ते निघत बहरीन-कतारच्या पाण्यात. मुंबई त्यांची मोठी पेठ होती.

मी तिथं उभी राहून विचार करत होते. गायकवाड मराठे. त्यांचा खजिना भरला तो गुजरातेतल्या कुणब्यांच्या शेतसाऱ्यावर. त्या साऱ्यातून इथल्या पाणबुड्यांचा श्वास विकत घेतला गेला. ज्यांनी नांगर धरला आणि ज्यांनी दोर धरला, त्या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. दोघांच्या कष्टांची गाठ या एका कापडावर पडली.

बसरा मोत्यांशी आमच्या घराचंही एक नातं आहे. आईला तिच्या माहेरची नथ होती, बसरा मोत्यांची. फार मोठी नव्हती, पण मोती अस्सल. १९७२ च्या दुष्काळात वडिलांनी विहीर खोदायला घेतली. पैसा पुरेना. नथ शिरूरच्या पेठेत गेली आणि परत आली नाही. पाणी लागलं ते बेचाळीस फुटांवर. आई नंतर लग्नाकार्यात नाकाला हात लावायची आणि म्हणायची, माझी नथ विहिरीत आहे. ती नथ माझ्याकडं यायची होती. आईची नथ लेकीची, असं आमच्याकडं धरतात.

वडील २००६ साली गेले. महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा दिला होता, हे मला माहीत होतं. मी शाळेत नोकरी करत होते, अडाणी नव्हते. तरी दिवसकार्य झाल्यावर मामा म्हणाले, बहिणींनी हक्कसोड करायचं असतं, आणि मी कचेरीत जाऊन सही केली. भावानं साडी-चोळी केली. त्यानं मागितलं नव्हतं. मीही नाही म्हटलं नाही. रान गेल्याचं दुःख मला नाही, त्याच्या मुलांना मिळावं असंच वाटतं. पण विहीर गेली त्याचं वाईट वाटतं. सही करताना विहीर माझ्या ध्यानातच आली नव्हती.

हे मी मुरैरच्या त्या भिंतीवर बसून त्याला सांगितलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा. तो वाळूत बुटाचं टोक घासत राहिला. मग म्हणाला, "ताई, मला वाटायचं तुला काही वाटत नाही."

दुपारनंतर आम्ही मुरवबला गेलो. किनाऱ्यापासून आत, नवव्या शतकातलं गाव. अडीचशेच्या आसपास घरं, दोन मशिदी, एक गढी, आणि ती गढी आधीच्या जळालेल्या गढीच्या जागी पुन्हा बांधलेली. गावाला तटबंदी नाही. घरांच्या पायांचे दगड ओळींनी पडलेत. त्यांच्यामधून चालताना डोळ्यात भरेल असं मोठं घर मला दिसलं नाही. मोठी ती एकटी गढी. तिथं राहणारा कोण, त्याला बाकीचे काय देत, हे त्या दगडांवरून मला वाचता येईना. उतरतं ऊन होतं. मला ते गाव आवडलं. का ते सांगता येणार नाही.

परतीच्या वाटेवर एका शेतावर थांबलो. २०१७ मध्ये शेजारी देशांनी नाकेबंदी केली, तेव्हापासून इथं भाजीपाला आणि दूध घरचं असावं यावर जोर आहे. हरितगृहात काकडी आणि टोमॅटो, ठिबकच्या नळ्या थेट आमच्याकडच्यासारख्या. मालक कतारी, दोह्यात राहणारा. राबणारे चौघे, दोन बांगलादेशी, एक नेपाळी, एक बिहारचा. बिहारच्या माणसानं पाण्याचा थेंब तळहातावर घेऊन चाखायला लावला. खारट. भूजल वर्षानुवर्षं उपसून खारं होत चाललंय, त्यात गोडं पाणी मिसळून द्यावं लागतं, असं तो म्हणाला. त्याचं स्वतःचं रान गावी आहे, दीड बिघा, भाऊ करतो. दोन वर्षांनी एकदा घरी जातो. माझा भाऊ त्याच्याशी हिंदीत बोलत होता आणि मला दोघांत फारसा फरक दिसत नव्हता. एकाला पगार जास्त, गाडी आहे, बायकामुलं जवळ आहेत. पण इथली हातभर जमीनही दोघांची नाही. परदेशी माणसाला इथं घर-जागा घेता येते ती ठरवून दिलेल्या भागांतच, आणि तिथले भाव भावाच्या आवाक्याबाहेरचे.

आणि गावाकडचं माझ्या भावाचं रान वाटेकरी करतो. निम्म्या वाट्यानं. बियाणं, खत अर्धं-अर्धं, पाणी आमचं. म्हणजे सातबारा दोह्यात, हात शिरूरला. बारा वर्षं तो माणूस ते रान कसतोय, आणि त्याच्या नावावर त्यातला वाफाही नाही. भावाला हे कळतं. मलाही कळतं. वाटेकऱ्याच्या पोराच्या शिक्षणाची फी भाऊ भरतो. पण ती मनानं दिलेली, आणि मनानं दिलेलं मनानं थांबवताही येतं. इनामगावच्या कोठारातून दुष्काळात गावाला धान्य मिळतही असेल. पण देणारा तो एकच. मला टोचतं ते हे.

अंधार पडायला लागला होता. गाडीत बसतो तोच वाटेकऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. कांद्याला शेवटचं पाणी द्यायचं होतं, मोटार चार तास चालते पण मग पाणी तुटतं, द्यावं का थांबावं, हे विचारायला. भाऊ उत्तर देणार होता. मग त्यानं फोन माझ्या हातात दिला.

"आक्का, तुमीच सांगा आता," तिकडून आवाज आला. विहिरीवर दिवा लावलेला होता.

मी म्हटलं, "आधी पाणी दाखवा बरं."

त्यानं कठड्यावरून हात लांब करून फोन आत धरला. दगडी बांधकामाची एक-एक कडी खाली जात होती. वडिलांनी पायऱ्यांसाठी सोडलेले दगड दिसले, त्यातला तिसरा अजून तिरका. मग अंधार, आणि त्या अंधारात तळाशी दिव्याचा एक पिवळा ठिपका हलताना दिसला.

"आणखी वाकवा जरा," मी म्हटलं.